कोजचा सिद्धांत शेताच्या बांधावर का अडतो?

परभणीकडचा एक विद्यार्थी स्पर्धा परीक्षेसाठी अर्थशास्त्र वाचतो आहे. पुस्तकात त्याने वाचलं की मालमत्तेचे हक्क स्पष्ट असतील आणि व्यवहाराला काही खर्च येत नसेल, तर हक्क सुरुवातीला कुणालाही दिला तरी माणसं आपसात सौदा करतात आणि शेवटी सगळ्यांत जास्त फायद्याच्या ठिकाणीच पोचतात. त्याच्या गावात वेगळंच दिसतं. मागच्या शेतातला ऊस रस्ता नाही म्हणून दरवर्षी उशिरा तुटतो. चार चुलत भावांची सामाईक विहीर गाळाने भरली आहे. अर्धी जमीन बटईने, म्हणजे पिकातल्या वाट्यावर कसायला जाते, तीही तोंडी. तो विचारतो: सिद्धांत चुकीचा आहे की आमची माणसं अडाणी?

मी बीड-लातूर पट्ट्यात महसुली दाव्यांची वकिली करतो आणि त्याआधी अर्थशास्त्र शिकलो आहे. माझ्या मते दोन्ही तर्क चुकीचे आहेत, आणि पुढचं सगळं मी त्यालाच उद्देशून सांगतो. सिद्धांताच्या वाक्यातला 'व्यवहाराला खर्च येत नसेल तर' हा तुकडा वाचून आपण पुढे जातो, आणि सगळी गोष्ट त्या तुकड्यातच आहे. अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोज यांनी 1960 साली हा मुद्दा मांडला तो 'बघा, बाजार सगळं सोडवतो' हे सांगण्यासाठी नव्हे. खर्च शून्य धरला तर काय होईल ते दाखवायचं आणि मग विचारायचं, हा खर्च शून्य नसतो तेव्हा काय, असा त्यांचा डाव होता. त्याला 'कोजचा सिद्धांत' हे नावही त्यांनी स्वतः दिलेलं नाही, ते दुसरे अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी दिलं. 1991 चं नोबेल कोज यांना मिळालं ते व्यवहारखर्च आणि मालमत्तेचे हक्क यांचं महत्त्व दाखवून दिल्याबद्दल.

त्यांचं मूळ उदाहरण आपल्याला परकं वाटू नये. शेजाऱ्याची गुरं दुसऱ्याच्या पिकात शिरतात, नुकसान कुणी सोसायचं? आपल्याकडे यासाठी 1871 चा कायदा आहे आणि गावोगाव कोंडवाडे होते. पिकाचा मालक गुरं धरून कोंडवाड्यात घालायचा, गुरांचा मालक दंड भरून सोडवायचा. हक्क कुणाचा ते ठरलेलं, वसुली गावातच, वकील लागत नाही. स्वस्तात चालणारी व्यवस्था कशी असते याचा तो चांगला नमुना होता.

आता तुमचा रस्ता घेऊ, कारण त्यात सगळा हिशेब उघडा पडतो. आकडे मी समजुतीसाठी धरतो. मागच्या शेतकऱ्याला रस्ता मिळाला तर वर्षाला 40 हजारांचा फायदा: ऊस वेळेवर तुटेल, ट्रॅक्टर आत जाईल, डोक्यावर मोळ्या वाहायची मजुरी वाचेल. मध्ये एकच शेत आहे आणि रस्त्यापायी त्या मालकाचं वर्षाला 12 हजारांचं पीक जातं. 'नाही' म्हणायचा हक्क पुढच्याचा असेल तर मागचा त्याला 12 आणि 40 च्या मधली कुठलीतरी रक्कम देईल आणि रस्ता होईल. जायचा हक्क मागच्याचा असेल तर पुढच्याला रस्ता बंद करून 12 हजार वाचतील, पण मागच्याला गप्प बसवायला 40 द्यावे लागतील. तो देणार नाही, रस्ता राहील. दोन्हीकडे रस्ता आहेच, फक्त पैसे कुणाच्या खिशात जातात ते बदललं. पुस्तकातलं वाक्य एवढंच सांगतं.

पण तुमच्या गावात मध्ये एक शेत नाही, सहा आहेत. प्रत्येकाचं नुकसान दोन हजार, एकूण तेच 12. हिशेबाने रस्ता आजही फायद्याचा. पण सहापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे की माझ्या सहीशिवाय रस्ता पुरा होत नाही, त्यामुळे प्रत्येक जण दहा मागतो. साठ झाले, चाळीसच्या वर गेले, सौदा मोडला. कुणी अडाणी नाही. प्रत्येक जण आपल्यापुरता शहाणाच वागला. त्यात सहाजणांचं आपसात बोलणं नसतं, एकाचा मुलगा पुण्यात असतो, एकाच्या सातबाऱ्यावर अजून मेलेल्या आजोबांचं नाव असतं. बोलणी, कागद आणि नंतर शब्द पाळला जातोय का ते बघणं हाच व्यवहारखर्च. तो रुपयांत कुठे लिहिलेला नसतो, पण सौदा मोडायला पुरेसा असतो.

म्हणून कायदा अशा ठिकाणी सौद्याची वाट बघत बसत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 143 खाली तहसीलदार दुसऱ्याच्या बांधावरून रस्ता देऊ शकतात, मधल्या शेतांचं कमीत कमी नुकसान होईल अशा बेताने. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला असेल तर 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाचं कलम 5 आहे. तिथे अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं, आणि निम्मे लोक 'बघू, पंचात मिटेल' म्हणत ती मुदत घालवतात. हे दोन अर्ज वेगळे आहेत. नवा रस्ता मागायचा आणि अर्ज कलम 5 चा टाकायचा ही चूक मी आजही फायलीत बघतो. शासनाने 2025 मध्ये शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात घ्यायचे निर्देश दिले. वर्तमानपत्रात ती बातमी लहान आली, अर्थशास्त्राच्या नजरेने ती मोठी आहे. नोंद नसलेला रस्ता जमीन विकली की पुन्हा पहिल्यापासून भांडावा लागतो, नोंद असलेला रस्ता नव्या मालकालाही बांधतो.

आणखी एक गंमत बघा. समजा सहाही जण तयार झाले आणि रस्त्यापुरते दोन-दोन गुंठे विकायला निघाले, तर तुकडेबंदी कायदा आडवा यायचा. जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे हे सध्याचं प्रमाणभूत क्षेत्र, त्याहून लहान तुकड्याचं खरेदीखत होत नाही. जमिनीचे तुकडे पडू नयेत हा हेतू चांगला, पण फायद्याचा सौदा कायद्यानेच महाग केला. अलीकडे नियम बदलून विहीर, शेतरस्ता, घरकुल अशा कारणांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने लहान तुकडा घ्यायची वाट उघडली आहे.

व्यवहारखर्च शून्याजवळ आणला तर काय होतं याचा जवळपास शुद्ध प्रयोग महाराष्ट्रात झाला आहे. गटवारीच्या, म्हणजे जमिनींच्या एकत्रीकरणाच्या काळात बऱ्याच ठिकाणी कागदावर एक गट आणि ताब्यात दुसराच गट अशी अवस्था झाली. तुम्ही कसता ते शेजाऱ्याच्या नावावर, तो कसतो ते तुमच्या नावावर. दोघांचं काही भांडण नसलं तरी कर्ज, विहिरीचं अनुदान, विक्री सगळीकडे अडतं. उपाय साधा, अदलाबदल करायची. पण अदलाबदल दस्ताला मुद्रांक शुल्क बाजारभावाच्या हिशेबाने, म्हणजे ज्याच्या पदरात नवं काही पडत नाही त्याने काही लाखांच्या जमिनीवर खरेदीसारखं शुल्क भरायचं. कुणी भरलं नाही. जानेवारी 2023 मध्ये शासनाने सलोखा योजना आणली: ताबा किमान 12 वर्षांपासून असा उलटा असेल तर एक हजार मुद्रांक शुल्क आणि एक हजार नोंदणी फी. हक्क कुणाचा हे शासनाने ठरवलं नाही, फक्त सौद्याचा खर्च कापला. मला हे धोरण आवडतं, कारण यात कुणाचंच काही हिरावलं जात नाही. तरी जितके दस्त व्हायला हवे होते तितके माझ्या पाहण्यात आले नाहीत. कारण दोन हजारांची फी हा खर्चाचा शेवटचा तुकडा. त्याआधी वारस नोंद, सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या, मोजणी, आणि 'त्याची जमीन माझ्यापेक्षा काळी आहे' हा संशय.

सह्यांचा विषय निघाला की हटकून कुणीतरी म्हणतं, बहिणींना हक्क दिला म्हणून घोळ वाढला. हे मला पटत नाही. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि देशाने 2005 मध्ये मुलींना वडिलोपार्जित जमिनीत समान हक्क दिला, सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये त्यावरचे उरलेले फाटे बंद केले. घोळ होतो तो आपण दोन-दोन पिढ्या वाटणीच करत नाही म्हणून. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 85 खाली शेतजमिनीची वाटणी होते, शेतजमिनीच्या वाटणीपत्राला मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. तेवढं वेळेवर करायचं सोडून राखीपौर्णिमेला आलेल्या बहिणीपुढे हक्कसोड पत्र ठेवायचं, आणि त्याला 'व्यवहार सोपा केला' म्हणायचं! खर्च कमी झाला हे खरं, पण तो तिच्या हिश्श्यातून कमी झाला. कोजचं गणित एकूण फायदा मोजतं, तो कुणाच्या पदरात पडतो याबद्दल ते गप्प असतं. परीक्षेत हे लिहायला विसरू नका.

हक्क 'स्पष्ट' असणं म्हणजे काय, हेही मराठवाड्यात सोपं नाही. सातबारा हा मालकीचा पुरावा नाही. त्याच अधिनियमाचं कलम 157 म्हणतं की नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरायची, एवढंच. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला जातो, मालकी नव्हे. म्हणून जमीन घेणाऱ्याला तीस वर्षांचा शोध, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, भावकीत चौकशी हे सगळं स्वतः करावं लागतं. त्यात आपला भाग 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. जुने कागद उर्दूत, खासरा पाहणी 1954-55 ची, ते वाचणारी माणसं आता थोडी. मदतमाशसारख्या इनाम जमिनी 1954 च्या कायद्याने खालसा झाल्या, पण त्यातल्या कितीतरी वर्ग दोनच्या, म्हणजे मोकळेपणी विकता न येणाऱ्या जमिनीच्या शिक्क्याखाली राहिल्या. विकायची तर शासनाची परवानगी आणि शासनाला भरायचा नजराणा. मग लोक साध्या बाँडवर इसार करून ताबा देतात. तशी जमीन शेजारच्या वर्ग एकपेक्षा स्वस्तात जाते, आणि घेणारा त्यावर विहीर खोदायलाही कचरतो. मातीत फरक नाही. किमतीतला फरक म्हणजे हक्काच्या अनिश्चिततेची किंमत. शासनाने अलीकडे या अटी बऱ्याच सैल केल्यात, ते बरं झालं.

आता बटई. हैदराबाद कूळवहिवाट कायदा 1950 चा. त्याने संरक्षित कुळांना मालकी दिली, आणि ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याची जमीन कसली त्यांच्यासाठी तो न्याय होता. पण त्याची भीती कायद्याच्या मूळ कामापेक्षा जास्त काळ टिकली. लेखी दिलं की कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क बसेल, म्हणून आजही बटई तोंडी, गुढीपाडव्यापासून एका सालाची. पुष्कळ मालक दरसाल माणूस बदलतात किंवा शेत बदलून देतात. एका वर्षासाठी शेत घेणारा शेणखत का टाकेल, बांध का घालेल? त्याला पीककर्ज मिळत नाही, पीकविम्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार मागतात, अनुदान सातबाऱ्यावरच्या नावाला जातं. नीती आयोगाने 2016 मध्ये नमुना कायदा दिला: मालकीला हात न लावता लेखी भाडेपट्टा. मालकाची मालकी पक्की आणि कसणाऱ्याचा काळ पक्का, दोन्ही एकाच कागदात. मी त्याच्या बाजूचा आहे.

पण निम्म्या बटईला सरसकट मागास म्हणू नका. पाठ्यपुस्तक म्हणतं की अर्धं पीक मालकाला जाणार असेल तर कसणारा अर्धाच जोर लावेल. अर्थतज्ज्ञ स्टीव्हन च्युंग यांनी 1969 मध्ये याला उत्तर दिलं की वाटा, खर्च, देखरेख हे सगळं करारातच ठरत असल्यामुळे बटई तितकी वाईट असायचं कारण नाही. आपल्या जिरायत भागात हे सहज पटतं. सोयाबीन ऐन शेंगा भरताना पावसाने दगा दिला तर ठोक्याने, म्हणजे ठरलेल्या रकमेवर शेत घेतलेला माणूस पुरता बुडतो, बटईत नुकसान दोघांत वाटलं जातं. हमखास पाणी असलेल्या शेताला ठोका आणि कोरडवाहूला बटई असा कल दिसतो तो यामुळेच. सालगडी ठेवणं ही तिसरी रीत. रोज मजूर शोधा, रोज भाव ठरवा, रोज देखरेख करा, यापेक्षा पाडव्याला एकदाच सालाचं ठरवलं की वर्षभर सौदा करायचा नाही, फक्त सांगायचं. कोज यांनी 1937 मध्ये 'कंपनी का असते' याचं उत्तर नेमकं हेच दिलं होतं. ऊसतोडीत मजुरांची टोळी आणणारा मुकादमही असाच उभा राहिला: कारखान्याला तोडणीच्या शेकडो कोयत्यांशी, म्हणजे मजूर जोड्यांशी, एकेकट्याने बोलायला नको. फक्त त्या सोयीची किंमत मजुराच्या उचलीत, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशात, आणि त्या उचलीच्या कर्जात वसूल होते.

पाण्यात मात्र सौद्यावर फार भिस्त ठेवता येत नाही. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यापासून आपल्याकडे धारणा अशी की माझ्या हद्दीत खालचं पाणी मी कितीही उपसावं. हद्द जमिनीवर आहे, पाण्याला ती ठाऊक नाही. शेजाऱ्याने बोअर खोल नेला की माझी विहीर आटते, मग मी आणखी खोल जातो. 2012-13 च्या दुष्काळात जालना-औरंगाबाद भागात मोसंबीच्या बागा जळाल्या तेव्हा ही शर्यत सगळ्यांना दिसली. शंभर विहिरीवाल्यांनी एकमेकांना उपसा कमी करायचे पैसे द्यायचे, हा सौदा कोण जमवणार? भूजलाचा कायदा 2009 चा आहे, पण खोल बोअर पाडणारं यंत्र रात्री येतं. इथे एलिनॉर ऑस्ट्रॉम, 2009 च्या नोबेल मानकरी, जास्त उपयोगी पडतात: गावाने स्वतः नियम केले, देखरेख स्वतः केली आणि मोडणाऱ्याला आधी हलका दंड ठेवला तर सामाईक साधन टिकतं. जालन्यातल्या कडवंचीत पाणलोटाचं काम आणि शेततळ्यांवर उभी राहिलेली द्राक्षं बघून या. तिथेही पाणी जिरवण्याची एकजूट ते उपसताना किती टिकते, हा प्रश्न विचाराच.

नदीचं तर आणखी पुढचं. पैठणच्या जायकवाडीखालचे शेतकरी नाशिक-नगरच्या शेतकऱ्यांकडून पाणी विकत का घेत नाहीत? दोन्हीकडे लाखो माणसं, मध्ये कोरडं नदीपात्र, त्यात पाणी मुरतं आणि वाटेत मोटारी लागतात. किती सोडलं आणि किती पोचलं यावरच दरवर्षी वाद. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात पाण्याचा वाटा देण्या-घेण्याची तरतूद आहे, पण घनमापनाने मोजलेलं पाणी प्रत्येक पाणीवापर संस्थेच्या दारात पोचल्याशिवाय विकायचं काय? ऑस्ट्रेलियात मरे-डार्लिंग खोऱ्यात पाण्याचा बाजार चालतो कारण तिथे आधी मोजमाप आणि वाटा पक्का झाला. आपल्याकडे म्हणून प्राधिकरणाने 2014 मध्ये थेट नियम ठरवला: 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांखाली असेल तर वरून पाणी सोडायचं. 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचं हे तत्त्व उचलून धरलं. काही अर्थतज्ज्ञ याला बाजाराचं अपयश म्हणतील. मला ते कोजच्या विचारातलंच वाटतं: सौदा अशक्य इतका महाग असेल तर सुरुवातीचं वाटप हेच शेवटचं वाटप ठरतं, म्हणून ते विचार करून करावं लागतं.

राहिली तुमची विहीर. चौघांचा चौथा हिस्सा सातबाऱ्यावर असेल, म्हणजे हक्क स्पष्ट आहे. गाळ काढायला समजा 80 हजार लागतात, आणि ज्याने काढला नाही त्यालाही पाणी मिळणारच, म्हणून चौघेही दुसऱ्याची वाट बघतात. वीजजोडणी बहुधा आजोबांच्या नावावर आहे आणि बिल कुणी भरायचं ते ठरलेलं नाही. हे कोर्टात नेऊ नका. आधी वारस नोंद करून घ्या. मग चौघांचा एक नोंदणीकृत लेख करा, त्यात तीन गोष्टी घाला: पाळी तासांत, खर्च पाळीच्या प्रमाणात, आणि खर्च न देणाऱ्याची पाळी तो देईपर्यंत बाकीच्यांकडे. तिसऱ्या कलमाशिवाय पहिली दोन कुणी पाळत नाही. पाइपलाइन कुणाच्या शेतातून जाते तेही लिहा, कारण वाटणीपत्रात हमखास हेच राहून जातं आणि पुढे तहसीलदाराकडे महसूल अधिनियमाच्या कलम 49 चा अर्ज करावा लागतो. चौघांपैकी एकाला विहिरीत रस उरला नसेल, तो शहरात गेला असेल, तर त्याचा हिस्सा आत्ताच रीतसर घ्या. त्याच्या मुलांची संख्या वाढली की तोच सौदा दुप्पट सह्यांचा होतो.